भूतदयेचे दफ्तर

माध्यमिक शाळेत मंडळांना तोटा नसतो. वाङ्मय मंडळ, विज्ञान मंडळ, निसर्ग मंडळ, हस्तलिखिताचे मंडळ अशी नाना मंडळे आषाढात उगवतात, पाहुण्यांच्या हस्ते नारळ फुटतो, फलक रंगतो, आणि पहिल्या चाचणी परीक्षेच्या सुमारास फलकावरचा खडू तेवढा मागे उरतो. आमच्या तालुक्याच्या गावी, साखर कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, ज्या हायस्कुलात माझ्या नोकरीचा उत्तरार्ध गेला, तेथील प्राणिमित्र मंडळाच्या वाट्याला मात्र दीर्घायुष्य आले. आणि त्याचे श्रेय मुलांच्या कोवळ्या अंतःकरणाला द्यावे असे बक्षीस समारंभाच्या पाहुण्यांना दरसाल वाटत असले, तरी मी ते एका वहीला देतो.

ती वही म्हणजे किराणा दुकानात उधारी मांडण्यासाठी असते ती लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट, दोऱ्याने शिवलेली वही. तिच्या पानांवर मुलांनी पट्टी धरून रकाने आखले होते: तारीख, ठिकाण, जनावर, काय आढळले, काय केले. सहावा रकाना पुढे नववीतल्या एका मुलीने हट्टाने वाढविला. तिचे वडील कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होते, आणि एक रकाना कमी पडला की सारा हिशेब अडतो, हे बाळकडू तिला घरीच मिळाले असावे. त्या रकान्याला तिने शीर्षक दिले होते, ‘धनी काय म्हणाला’. मंडळाचा त्यापुढचा इतिहास, माझ्या मते, या सहाव्या रकान्याचाच इतिहास आहे.

आपल्याकडे भूतदया शिकवावी लागत नाही. ती कीर्तनांतून आणि क्रमिक पुस्तकांतून आयतीच कानांवर पडते. काशीहून रामेश्वराकडे निघालेली गंगेची कावड वाटेत तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती करणारे एकनाथ, किंवा पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव, ही चित्रे ज्याने पाहिली नाहीत असे मूल महाराष्ट्रात विरळाच. या कथांचा संस्कार मोठा आहे, आणि तो हलका लेखण्याचा अधिकार मला नाही. तथापि या कथांत एक गोष्ट नेहमीच गळालेली असते, ती अशी की गाढव तेथे एकटे असते. त्याच्या पाठीवर आदल्या दिवशी कोणाचे ओझे होते, त्याला त्या वाळूत टाकून कोण पुढे गेला, आणि टाकून जाणाऱ्याच्या घरी त्या रात्री चूल पेटली की नाही, हे कीर्तनकार सांगत नाही. त्याने सांगावे असेही नाही, कारण त्याच्या आख्यानाचा विषय नाथांचे अंतःकरण हा असतो, गाढवाच्या धन्याचा प्रपंच हा नव्हे. आमच्या कारखान्याच्या रस्त्यावर मात्र एकही जनावर एकटे नव्हते. प्रत्येकाचा कासरा कोणाच्या तरी हातात होता, आणि तो हात बहुधा कोणाच्या तरी उचलीत अडकलेला होता.

शाळकरी मुलांनी जनावरांसाठी संघटित व्हावे, ही कल्पना मुळात विलायती. क्रौर्यप्रतिबंधाचे कार्य करणारी प्रौढांची संस्था लंडनात १८२४ सालीच स्थापन झाली होती. परंतु मुलांचे स्वतंत्र मंडळ, ‘बँड ऑफ मर्सी’ या नावाचे, कॅथरीन स्मिथीज या बाईंनी १८७५ साली काढले, आणि १८८२ साली बॉस्टनचे वकील जॉर्ज एंजल यांनी एका धर्मोपदेशकाच्या साह्याने त्याचे रोप अमेरिकेत लावले. मुले प्रतिज्ञा घेत, बिल्ला लावीत, गाणी म्हणत. याच एंजलांनी ॲना स्यूएल यांची १८७७ सालची ‘ब्लॅक ब्यूटी’ ही कादंबरी, जी एका घोड्याच्या तोंडून सांगितलेली आहे, १८९० साली अमेरिकेत छापून तिचा अफाट प्रसार केला. त्या घोड्याचे हाल वाचून रडलेली मुले मी पाहिली आहेत, परंतु त्या पुस्तकाचा कणा मला निराळ्याच एका प्रकरणात दिसतो. सीडी सॅम नावाचा एक गाडीवान तेथे क्षणभर येतो. गाडी आणि दोन घोडे यांचे रोजचे १८ शिलिंग भाडे मालकाला चुकते केल्यावाचून त्याच्या स्वतःच्या घरात एक छदामही येत नसे, म्हणून तो घोडे पिटाळी, आणि असे पिटाळता पिटाळता तो स्वतःच अंथरुणाला खिळून मरून जातो. स्यूएलबाईंनी घोड्याला वाचा दिली खरी, पण त्या वाचेतून गाडीवानाचीही जबानी त्यांनी नोंदवून ठेवली. आमच्या नववीतल्या मुलीने ते पुस्तक तेव्हा वाचलेले नव्हते.

मुंबईत तर या प्रश्नाचा आरंभच दंग्याने झाला, असे म्हटले तरी चालेल. उन्हाळ्यात भटकी कुत्री मारण्याची मोहीम कंपनी सरकारचे अंमलदार काढीत, आणि दर कुत्र्यामागे आठ आणे इनाम असल्यामुळे मारणारे शिपाई घरांच्या अंगणापर्यंत पोहोचत. ६ जून १८३२ रोजी, पारशी लोकांच्या एका पवित्र दिवशी, फोर्ट भागात लोक खवळून उठले, शिपायांना मार बसला, आणि दुसऱ्या दिवशी दुकाने बंद ठेवून सरकारचा दाणागोटा अडविण्यापर्यंत मजल गेली. या क्षोभातील धर्मश्रद्धा किती, दया किती आणि घरात घुसणाऱ्या शिपायाविषयीचा संताप किती, याची वाटणी इतिहासकारांनी खुशाल करीत बसावे. एवढे खरे की पुढे १८७४ साली त्याच शहरात क्रौर्यप्रतिबंधक संस्था निघाली, सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या दानातून १८८३ साली परळला बाई साकरबाईंच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय स्थापन झाले, आणि १८८६ साली पशुवैद्यकाचे महाविद्यालयही परळलाच सुरू झाले. दंग्यापासून दवाखान्यापर्यंतचा हा अर्धशतकाचा प्रवास मी मंडळाच्या पहिल्या सभेत मुलांना सांगत असे, आणि मुलांना त्यातला दंगाच तेवढा आवडत असे.

असो. कार्तिकात कारखान्याचे बॉयलर पेटले की आमच्या रस्त्याचे रूप पालटते. बीडकडील ऊसतोडीच्या टोळ्या येतात, माळावर पालांच्या आणि चटयांच्या कोप्या उभ्या राहतात, आणि पहाटेपासून टायरगाड्यांची रांग शाळेच्या फाटकासमोरून सरकू लागते. उसाच्या मोळ्या गाडीच्या साट्याबाहेर दोन्ही अंगांनी इतक्या ओथंबलेल्या असतात की मागून पाहणाऱ्याला बैल दिसतच नाहीत; ऊस आपण होऊन चालला आहे असा भास होतो. कारखान्याच्या आवारात वजनकाट्यापाशी ही रांग तासन्‌तास उभी राहते. बैल सोडले तर नंबर जातो, म्हणून बैल जूखालीच उभे. गाडी थांबली तरी तिचे धुरेवरचे वजन थांबत नाही. ते मानेवर तसेच राहते, आणि उभ्या बैलाचाही खांदा त्याने सुजतो, हे मला त्या मुलांमुळे कळले आणि त्यांना तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांकडून कळले.

कायद्याची प्रत मंडळाच्या कपाटात होती. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेल्या खासगी विधेयकातून ज्याची प्रेरणा आली, त्या १९६० च्या प्राणिक्रौर्यप्रतिबंधक अधिनियमाखाली ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी १९६५ साली नियम झाले. आणि त्यांत दिवसाकाठी एकूण ९ तासांहून अधिक, विश्रांतीवाचून सलग ५ तासांहून अधिक, तसेच जेथे तपमान ३७ अंशांच्या वर गेले असेल तेथे दुपारी १२ ते ३ या वेळात जनावर जुंपू नये, असे स्वच्छ लिहिलेले आहे. दहावीतल्या एका मुलाने हा मजकूर वाचला आणि प्रयोगशाळेतून तपमापक मागून आणला. फाल्गुनातल्या एका दुपारी मंडळाची पाच-सहा मुले तो तपमापक घेऊन रांगेपाशी गेली. त्यांच्यामागे, शिस्तीसाठी म्हणून, मीही गेलो. कडुलिंबाच्या सावलीत पारा ३८ च्या पुढे गेला होता. मुलाने एका गाडीवानापाशी जाऊन, घसा साफ करून, नियम जसाच्या तसा वाचून दाखविला.

गाडीवान चाळिशीचा, किडकिडीत, डोक्याला मळका रुमाल गुंडाळलेला. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “पोराहो, ह्यो कायदा मुकादमाला म्हाईत हाय का?” मुलगा गप्प. “बैल माजे हायेत, पर त्यायच्यावरली उचल मुकादमाची हाय. बाराला सोडू म्हन्ता, सोडतो. मंग ह्यो नंबर तुमी धरून ठिवता का?”

यावर प्रवचन करता येण्याजोगे पुष्कळ होते, आणि मला वाटते शिक्षकाच्या सवयीने मी तोंड उघडलेही असते, पण तेवढ्यात ती नववीतली मुलगी बैलाच्या मानेपाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “मामा, खांदा बघू का?” त्याने जू थोडे उचलून धरले. वशिंडाच्या पुढे, जू जेथे टेकते तेथे, ओंजळीत मावेल एवढी सूज होती; वरचे केस झडून कातडी उघडी पडली होती, काळपट हळद आणि तेल यांचा थर तिच्यावर वाळून भेगाळला होता, आणि एका भेगेतून पाणी पाझरत होते. माश्या तेथून उठत आणि पुन्हा तेथेच बसत. जूच्या बुडाला जुन्या हिरव्या लुगड्याच्या घड्या सुतळीने आवळून बांधल्या होत्या. गादी कोणी केली, असे मुलीने विचारल्यावर गाडीवानाने मागे मान वळविली. उसावर बसलेली त्याची बायको मांडीवरच्या मुलाला पदराने वारा घालीत होती. त्या दिवशी वहीच्या सहाव्या रकान्यात जी नोंद झाली ती मी अनेकदा वाचली आहे: “धनी म्हणाला, नंबर तुम्ही धरून ठेवता का. धनिणीने लुगडे फाडून गादी केली आहे. दोघांनी सकाळपासून जेवण केलेले नाही.” तपमानाचा आकडा चौथ्या रकान्यात आहे.

मंडळाची पुढची सभा वादळी झाली. पोलिसांत तक्रार द्यावी, असे एका पक्षाचे मत. तेव्हा कायद्याच्या ११व्या कलमाची चर्चा निघाली आणि पहिल्या गुन्ह्याला दंड कमीत कमी १० रुपये, अधिकात अधिक ५० रुपये, असे वाचून दाखविले गेल्यावर वर्गात प्रथम शांतता आणि मग हशा पसरला. १९६० साली १० रुपयांत संसाराला काहीतरी झळ लागत असे. आता तेवढ्यात कारखान्याच्या नाक्यावर एक चहा येतो. दंड हास्यास्पद आहे म्हणून तो वाढवावा, हे म्हणणे मला मान्य आहे, आणि ते मी आजही म्हणेन. परंतु वाढलेला दंड त्या रांगेत कोणाच्या खिशातून जाईल, हा प्रश्न मुलांनीच उपस्थित केला, आणि त्याला त्या सभेत कोणापाशी उत्तर नव्हते. तक्रारीचा ठराव तीन मतांनी पडला. मग मुलांनी जे केले ते फारसे वीरश्रीचे नव्हते. कारखान्याच्या मुख्य शेतकी अधिकाऱ्यांना त्यांनी अर्ज लिहिला, त्यात ‘सबब विनंती की’ असे जुन्या वळणाचे शब्द माझ्या आग्रहास्तव घातले, आणि मागणी एकच केली, की गाडी आवारात शिरताच तिला नंबराचा पत्र्याचा बिल्ला द्यावा, म्हणजे बैल सोडले तरी नंबर बुडणार नाही. अर्जाबरोबर वहीतील नोंदींची नक्कल जोडली. पहिल्या अर्जाला उत्तर आले नाही. दुसऱ्याला आले, ते “विचाराधीन” असे. पुढच्या गळीत हंगामात बिल्ले मिळू लागले. ते आमच्या अर्जामुळे मिळाले की रांगेतील भांडणांना कंटाळून कारखान्यानेच ती तजवीज केली, याविषयी मुलांत आणि माझ्यात आजवर मतभेद आहे.

बिल्ला मिळूनही कित्येक गाडीवान बैल सोडीत नसत, हेही वहीत लिहिलेले आहे. कारण सोडलेल्या बैलाला पाणी हवे, आणि पाणी असे ते आवाराच्या दुसऱ्या टोकाला. तेव्हा रस्त्याकडेची एक जुनी दगडी हाळ मुलांनी गाळ काढून, सिमेंटने सांधून, वापरात आणली. तिच्यात रोज पाणी भरण्याची पाळी लावली गेली आणि त्या पाळीपत्रकावरून मंडळात जेवढी भांडणे झाली तेवढी कोणत्याही तत्त्वावरून झाली नाहीत. पाणी भरायला न आलेल्या मुलाचे नाव लाल शाईने लिहिले जाई. प्राण्यांवर प्रेम आहे असे सांगून मंडळात आलेली निम्मी मुले या लाल शाईने गळाली. उरलेली टिकली, आणि त्यांत असे एकदोघे होते ज्यांना जनावरांची विशेष आवड होती असे मला कधीच दिसले नाही, परंतु आपली पाळी चुकविणे त्यांच्या स्वभावातच नव्हते. मंडळ चालले ते मुख्यत्वे त्यांच्या जिवावर.

याच सुमारास कोणीतरी वर्तमानपत्रातील एक कात्रण आणून वहीत चिकटविले. २०२२ साली सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी बैलगाडीच्या जूखाली एक आधाराचे फिरते चाक बसविले होते, जेणेकरून मानेवरचा भार जमिनीवर उतरावा. आमच्या मुलांनी त्याचे चित्र काढून ते गाडीवानांना दाखविले. त्यांनी ते चाक फार बारकाईने पाहिले, किंमत विचारली, आणि उसाच्या फडात, ढेकळांत, ते कसे चालेल हे विचारले. आणि तोवर साधे लाकडाचे टेकण जूखाली लावण्याची युक्ती त्यांच्यातल्याच एका म्हाताऱ्याने मुलांना शिकविली. ती नोंद सहाव्या रकान्यात आहे, आणि पाचव्यातही.

बैलपोळ्याविषयी दोन शब्द लिहिणे येथे प्राप्त आहे, कारण शहरांतील माझे काही स्नेही हा सण म्हणजे वर्षभराच्या छळावर एका दिवसाचे पांघरूण असे मानतात. आदल्या सायंकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीने मळतात, त्याला खांदेमळणी म्हणतात. ज्या लोकांनी शिंगांच्या हिंगुळाआधी आणि झुलीआधी खांद्याची आठवण ठेवली, त्यांना भार कोठे बसतो हे पक्के ठाऊक होते. उपहास करण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे. खरी अडचण पंचांगाची आहे. पोळा येतो श्रावणाच्या अवसेला, जेव्हा खांदा बरा झालेला असतो. सूज येते पौष-माघात, जेव्हा बैलांचा सण नसतो. मुलांनी माघातच एक खांदेमळणी काढावी असे ठरविले, डॉक्टरांना बोलावले, आणि तुपाऐवजी मलम वापरले. गाडीवानांच्या बायकांनी बैलांना ओवाळले, ही भर मात्र आमच्या कार्यक्रमपत्रिकेत नव्हती.

संक्रांतीच्या नायलॉन मांजाविषयी मुले दरवर्षी फेरी काढतात. राष्ट्रीय हरित लवादाने त्यावर २०१७ सालीच बंदी घातली आहे, आणि मांजा दरवर्षी मिळतो. त्याहून अधिक लिहिण्यासारखे त्यात काही नाही.

कुत्र्यांचे प्रकरण मात्र अजून निकालात निघालेले नाही. शाळेच्या आवारात एक तांबडी कुत्री अनेक वर्षे राहते. तिची शस्त्रक्रिया झालेली आहे, त्याची खूण म्हणून कानाला खाच आहे, आणि रेबीजच्या लशीचे कार्ड मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात आहे. मंडळातील मुलांची ती लाडकी. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा आवारांतील भटकी कुत्री उचलून, निर्बीजीकरण आणि लसीकरण करून, आश्रयस्थानात ठेवावीत आणि पुन्हा त्याच जागी सोडू नयेत, असा आदेश दिला, तेव्हा मी सेवानिवृत्त झालो होतो. पण मुलांनी मला सभेला बोलाविले. मोर्चा, उपोषण, न्यायालयाला पत्र, अशा सूचना झडत असता, आता महाविद्यालयात असलेली आणि सुट्टीत गावी आलेली ती सहाव्या रकान्याची मुलगी उठली आणि तिने एवढेच विचारले, की पाचवीतल्या ज्या मुलाला मागल्या वर्षी रस्त्यावरच्या दुसऱ्या एका कुत्र्याने चावा घेतला होता, त्याच्या आईला कोणी विचारले आहे काय.

कोणी विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी दोन मुले त्या घरी गेली. चाव्यानंतर शेजाऱ्यांनी जखमेत तिखट आणि चुना भरला होता. मंडळाच्या एका मुलीने ते धुऊन काढावयास लावून साबण आणि वाहत्या पाण्याखाली चांगली १५ मिनिटे पाय धरून ठेवला होता आणि मगच मुलाला लशीसाठी सरकारी रुग्णालयात नेऊ दिले होते, कारण रेबीज हा रोग एकदा अंगात प्रकटला की त्यातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, हे तिला मंडळात पढविलेले होते. ती बाई हे विसरलेली नव्हती. तिने मुलांना चहा दिला आणि जे सांगितले ते वहीत असे आहे: “तांबडीबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण माझे पोर अजून फाटकातून एकटे आत शिरत नाही. तुम्ही कुत्रीला धरून उभे राहता, तसे कधी त्याला धरून उभे राहिलात का?”

तेव्हापासून सकाळी फाटकापाशी मंडळाची दोन मुले त्या मुलासाठी उभी राहतात, आणि पाळी चुकली की लाल शाई आहेच. न्यायालयाच्या आदेशाविषयी माझे मत विचाराल, तर शाळेच्या आवारात लहान मुलाच्या भयाला पहिला मान मिळाला पाहिजे, हे मी नाकारू शकत नाही. आणि जे आश्रयस्थान तालुक्यात अद्याप उभेच नाही, तेथे कुत्री नेऊन ठेवण्याची भाषा पोकळ आहे, असेही मला वाटते. मुलांनी नगरपरिषदेला अर्ज केला आहे: आश्रयस्थान कोठे होणार, तेथे पाण्याची आणि डॉक्टरांची सोय काय, शाळेतील मुलांना आठवड्यातून एकदा भेट देता येईल काय. सोबत लशीच्या कार्डाची नक्कल आणि पाचवीतल्या मुलाच्या आईचे म्हणणे, तिच्या सहीनिशी, जोडले आहे. आवक बारनिशीच्या कारकुनाने अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला आणि जनावराच्या धन्याचे नाव त्यात नाही म्हणून तो परत केला. मुलांनी तेथेच उभ्याउभ्या शाळेचे नाव घातले. मुख्याध्यापकांनी ते खोडून ‘प्राणिमित्र मंडळ, द्वारा मुख्याध्यापक’ असे केले, खाली सही केली, आणि कुत्री चावल्यास जबाबदारी कोणाची, याचा स्वतंत्र खुलासा मंडळाने आठ दिवसांच्या मुदतीत लेखी सादर करावा, असा शेरा समासात लिहिला.